सुभेदारांच्या गाडीतला सेन्सर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. 

नव्वदचं दशक सरत होतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी — कराडला शिकलो, सांगलीत एका गॅरेजात लागलो. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजिनांच्या गाड्या नुकत्याच येत होत्या आणि त्या फक्त मला कळतात, असा सगळ्यांचा समज. खंडेनवमीला मालकांनी पान्यांशेजारी माझा मीटर ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहिलं. माझ्यावर एवढा विश्वास आधी कुणी ठेवला होता?

थंडीत आष्ट्याच्या एका निवृत्त सुभेदारांची गाडी आली. पेट्रोल फार पीत होती. धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. सकाळी सगळ्यांसमोर मी मीटर लावला, काटा हलेना. सेन्सर गेलाय, म्हणालो. पण रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन गार होतं — आणि हा सेन्सर तापल्याशिवाय कामच करत नाही. मी वाचलं होतं हे. विसरलो? की सगळे बघत होते म्हणून घाई केली?

जुना सेन्सर काढायला गेलो, तर तो जाम होता. पान्याला पाइप लावून जोर केला, आणि नळीला चीर गेली. केसाएवढी. मी ती पाहिली, वरून लेप फासला. तो टिकायचा नाही, हेही ठाऊक होतं.

गाडी न्यायला सुभेदार आले. "इंजिनियरसाहेब, लेक पोटुशी हाय. बाळंतपणाला साताऱ्यास्नं आणायचीय. जाऊ न्हवं बिनघोर?"

"जावा की," मी म्हणालो.

चिरेतून निघालेला विषारी धूर गाडीत शिरतो, पोटातल्या बाळालाही बाधतो. थंडीच्या काचा बंद. ते साताऱ्याला गेले त्या दिवशी फोन वाजला की मी हातातलं काम टाकून आधी उचलायचो — मी स्वतः मात्र सुभेदारांच्या घरी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. "लेक लय वकली वाटंत. गरगरून पडली. म्हणलं, पोटुशी बाई, व्हायचंच. गाडी मात्र झ्याक पळाली."

मी हसलो. खरंच हसलो. जरा बघून देतो म्हणत नळी बदलली, जुनी भंगारात टाकली — चीर खाली करून. एअर फिल्टर मातीनं गच्च होता. पेट्रोल पिण्याचं मूळ कारण तेवढंच; सेन्सर चांगलाच होता.

नातू झाला. पेढे आले. मीही एक खाल्ला.

पुढे तीन वर्षांनी हळदीच्या पेठेत सुभेदार भेटले, नातू कडेवर. "अजून बोलत न्हाई ह्यो, पर कळतं सगळं. नमस्कार कर रं, ह्येंनी आपली गाडी नीट केली."

त्या धुरामुळेच का? मला माहीत नाही. डॉक्टरांना कळलं असतं कदाचित — पण धुराचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगू शकणारा मी एकटा होतो.

पोरानं हात जोडले. मीही जोडले.