डिकीतली बाटली

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते नका विचारू.

तळवड्याच्या एका खाजगी लॅबमध्ये मी पाणी तपासते. माहेर मोशीचं. आमच्या आळीतले धोंडूमामा भोई — सगळी हयात इंद्रायणीत जाळं टाकण्यात गेली. एका उन्हाळ्यात मासे पोट वर करून तरंगायला लागले. मामा म्हणाले, वरच्या नाल्यातनं कारखान्यांची घाण येतीय. गाव म्हणालं, आधी तपासू, मग तक्रार करू. मामा माझ्याकडे आले. "पोरी, तू सांगशील ते खरं."

नमुना मीच घेतला. आता एवढं समजून घ्या — नदीतली घाण म्हणजे जंतूंचं जेवण. ती खाताना ते पाण्यातला प्राणवायू संपवतात, मासे गुदमरतात. बाटलीत भरलं तरी त्यांची पंगत काही उठत नाही! घाणीतला कार्बन खाऊन त्याचा वायू करतात, घाण कमी दिसते. म्हणून बाटली लगेच बर्फात ठेवायची. नव्या पोरांना हे मी ओरडून ओरडून शिकवते हो.

आणि मी काय केलं? चिखलीला मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं. बर्फासाठी कोण थांबणार? बाटली टाकली स्कूटरच्या डिकीत. भर वैशाखात, दिवसभर. विसरले असं म्हणू? नाही — जेवताना आठवली होती. उठले नाही.

दुसऱ्या दिवशी घाणीचा आकडा कमी आला. पाणी ठीक! नमुना परत घेऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. माझी लाज गेली असती. मी सही केली. तक्रार बारगळली. पारावर लोक हसले, "म्हातारं उगं बोंबलतंय."

मामांनी मात्र माझा शब्द खरा धरला. नाल्याचा दोष न्हाई म्हंजे पाण्यातल्या देवी, साती आसरा कोपल्या, आपल्याच हातनं कायतरी चुकलं आसंल, म्हणाले. जाळी माळ्यावर टाकली आणि एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. आसरांची ओटी भरायची होती, मामींचे गुडघे धरलेले. म्हणून मामांनी मला हाक मारली.

मी गेले. खण-नारळ माझ्याच हातात होता. मामांनी घाटाच्या पायरीवर नाक घासलं. "चुकलो, आयांनो, पदरात घ्या." नाल्याचा वास नाकात जात होता. मी ओटी भरली, आणि तोंडातनं एक शब्द काढला नाही.