सुनेचा घाम

माझी थोरली सून एका मोठ्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर आहे. चादर पसरायची, वरचं झाकण दाबायचं, भस्सकन वाफ सुटते आणि चादर पत्र्यासारखी ताठ. तिथं तिला सगळ्याजणी ‘इंजिन’ म्हणतात. मी नाही म्हणत. घरात ती न म्हणताच धावते.

मध्यंतरी तिचं मनगट मोडलं. प्लास्टर, मग व्यायाम, असे बरेच महिने घरात गेले. परत कामावर गेली ती पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करायला.

तिथल्या बायकांना एक खोड आहे. जेवणाच्या सुट्टीत एकमेकींच्या कपाळाला रुमाल लावून बघतात. जिचा रुमाल कोरडा ती पक्की, पंख्याखालची खुर्ची तिची. खुर्ची जाऊ नये म्हणून आमच्या बाईसाहेबांनी सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नाही. रुमाल कोरडा निघाला. ऐटीत खुर्चीवर बसली आणि तिथूनच खाली घसरली.

मुकादम म्हणाला, “वहिनी, पुन्हा चक्कर आली तर कायमचं घड्या घालायच्या टेबलावर.”

ते टेबल थंड खोलीत असतं. पण इंजिनाला सावलीत उभं केलं की ते गंजतं. घरी येऊन रडली. “आई, माझं अंगच फितूर झालं हो!”

“फितूर कसलं? सुट्टीवरून आलंय ते. तुझा नवरा सुट्टीनंतर कसा उठतो, आठव.”

दुसऱ्या दिवशी लाँड्रीतल्या नर्सबाईंनी तेच नीट सांगितलं. अंग उकाडा सोसायला शिकतं, तसं विसरतंही. रोज थोडा थोडा वेळ इस्त्रीवर, मग बाहेर. तहानेची वाट न बघता पाणी प्यायचं. “आणि घाम लवकर फुटायला लागला की समजा, अंगाला आठवलं.”

“अगं बाई! मग कोरडं कपाळ?” सुनेनं विचारलं.

“ते अजून झोपलेलं.”

मुकादम कुरकुरला, पण वेळ वाढवत न्यायला तयार झाला. आधी सुनेच्या छातीत धडधड, डोकं ठणकायचं, आणि राग सगळा माझ्यावर. मी ऐकून घेतलं. सासूला एवढं तरी काम हवं. हळूहळू धडधड ओसरली, जेवण जायला लागलं, आणि एक दिवस माझ्यावर ओरडायचं विसरली. तेव्हाच मी ओळखलं.

पूर्ण पाळीच्या दिवशी मुकादम शेजारीच उभा राहिला. पहिल्या चादरीलाच हिच्या कपाळावरून धार.

शेजारची खिदळली, “काय गं इंजिन, आत्ताच गळायला लागलीस?”

“गळत नाहीये, सुरू झालंय!”

आणि चाललं की पाळी संपेपर्यंत! मुकादम जाता जाता म्हणाला, “उद्या वेळेवर या, वहिनी.” बस्स, एवढंच.

त्या दिवशी सुट्टीत खुर्ची त्या खिदळणारीला मिळाली. रुमाल तिचा कोरडा होता ना. सुनेनं पाण्याचा मोठा पेला भरला आणि नेऊन तिच्याच हातात दिला. म्हणाली, “बस खुशाल. पण आधी हे पी.”