चाळीस आणि सहा टिंबं

दारू न पिता ज्यांच्या लिव्हरवर चरबी चढली आहे, अशी माणसं शोधणं हे माझं काम. हॉस्पिटलात त्याच्यावर संशोधन चालतं. चालणं वाढवून आणि खाणं सुधारून ही चरबी किती उतरते, ते आम्ही मोजतो. मी तिथली समन्वयक. म्हणजे फॉर्म भरायचे, फोन करायचे, लोकांच्या खाण्याच्या वह्या तपासायच्या आणि माणसं किती सरळ चेहऱ्याने थापा मारतात ते पाहून रक्त आटवायचं. सोळा वर्षांत माझा कोणावरही विश्वास उरलेला नाही. ‘मॅडम, गोड तर मी खातच नाही’ म्हणणाऱ्याच्या खिशातून रुमालाबरोबर चॉकलेटचे तीन कागद पडलेले मी पाहिलेत.

टेलर मास्तर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. पन्नाशी उलटलेली, बोलणं हळू, आणि अंगातला शर्ट इतका बेतून शिवलेला की पोट नेमकं कुठे सुरू होतं ते सांगता येऊ नये. खुर्चीत टेकायच्या आधीच ते म्हणाले, “मॅडम, मला सर्टिफिकेट पाहिजे.”

“कसलं?”

“मी पीत नाही याचं. शिक्क्याचं असलं तर बरं.”

हकीकत अशी होती. पोट दुखलं म्हणून मास्तरांनी सोनोग्राफी केली. रिपोर्ट आला: फॅटी लिव्हर. तो वाचला त्यांच्या मोठ्या बहिणीने. अक्काचा नवरा दारूने गेला, त्याला तीस वर्षं झाली. तेव्हा तिला घरी घेऊन येताना मास्तरांनी शब्द दिला होता की या घरात दारूचा थेंब येणार नाही. त्यांनी पुढे लग्नही केलं नाही. खाली दुकान, वर दोन खोल्या, भाऊ आणि बहीण, असा संसार. आणि आता रिपोर्टात तोच शब्द, जो तिने नवऱ्याच्या कागदांवर पाहिला होता. लिव्हर म्हणजे दारू, याउपर तिला काही ऐकायचं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकून पिणारच.

त्या दिवसापासून अक्काने भावाशी बोलणं टाकलं. चार महिने ती भिंतीशी बोलत होती. “जेवण वाढलंय म्हणावं.” “दिवा मालवायचा म्हणावं.” एकदा मास्तर बाहेर गेलेले पाहून तिने दुकानाची झडती घेतली. आधी मशीनच्या तेलाची बाटली हुंगली. मग कपड्यावरचे डाग काढायच्या स्पिरिटची बाटली सापडली. ती तिने वर नेऊन, पुरावा म्हणून, देवापुढे ठेवली.

“चहा मात्र येतो,” मास्तर म्हणाले. “दिवसातून तीन वेळा थर्मास खाली येतो. राग वेगळा, चहा वेगळा.”

मी त्यांना सांगितलं की आम्ही सर्टिफिकेट वगैरे देत नाही. पण पिणाऱ्याला आमच्या अभ्यासात घेतच नाहीत. तेव्हा निवड झाली, तर तेच सर्टिफिकेट समजा. मास्तरांचा चेहरा उजळला. मग मी अट सांगितली: दोन आठवडे खाण्याची वही लिहायची, रोज कंबर मोजायची, आणि दारूबद्दल घरातल्या एका माणसाची सही आणायची.

“घरात तीच आहे,” मास्तर म्हणाले, आणि चेहरा पुन्हा मावळला.

दोन आठवड्यांनी दोघं आली. अक्का कोर्टात साक्षीला निघाल्यासारखी आली होती. पिशवीत स्पिरिटची बाटलीही होती. मास्तरांकडे पाठ करून ती बसली आणि मला म्हणाली, “विचारा. मी खोटं बोलणार नाही.”

“तुमच्या भावाला कधी पिताना पाहिलंय?”

“नाही.”

“प्यायलेला?”

“नाही. पण माझ्या नवऱ्यालाही मी पहिली पाच वर्षं पाहिलं नव्हतं.”

यावर फॉर्ममध्ये काय लिहायचं, मला कळेना. मी वही उघडली. अक्षर मोत्यासारखं. पण जेवणाखाली रोज एकच ओळ: ‘चहा, गिऱ्हाइकांबरोबर.’

“किती कप?”

“येईल त्याच्याबरोबर एक. दहा, अकरा.”

“साखर?”

“ती चहात असतेच ना मॅडम. वेगळी कशाला लिहायची?”

“कपाला दोन चमचे,” अक्का भिंतीला म्हणाली. “बिचाऱ्याला दुसरं व्यसन नाही, म्हणून मीच त्याचं मन मोडत नव्हते. असं वाटत होतं तेव्हा.”

मी मनात गुणाकार केला आणि घाम पुसला. मग कंबरेचा रकाना पाहिला. चौदा दिवस चाळीस इंच. शेजारी पेन्सिलीचे बारीक ठिपके. पेन्सिल झटकली असेल, असं मला वाटलं. टेप लावली तर निघाले त्रेचाळीस.

“मास्तर!” माझा पारा चढलाच. “तीन इंच? तुम्ही तर मापाचा धंदा करता!”

“बघा,” अक्का म्हणाली. “कंबरेबद्दल खोटं बोलणारा बाटलीबद्दल खरं बोलेल?”

मास्तर कानापर्यंत लाल झाले. “खोटं नाही मॅडम. टिंबं आहेत की. एक टिंब म्हणजे अर्धा इंच. चाळीस आणि सहा टिंबं.”

मग त्यांनी धंद्यातलं गुपित सांगितलं. गिऱ्हाईक जाडं झालं तरी त्याला आकडा सांगायचा नाही. ‘तेच माप, काही फरक नाही,’ असं म्हणायचं, वहीत जुनाच आकडा लिहायचा, पुढे टिंबं द्यायची आणि गुपचूप कापड सोडायचं. गिऱ्हाईक आरशात बघतं, खूश होतं, पुन्हा येतं. तीस वर्षांच्या सवयीने हात स्वतःच्या कंबरेशीही तसाच वागला.

हे सगळं मला पटलं, पण मला पटून उपयोग नव्हता. सहीची जागा कोरी होती आणि पेन अक्काच्या हातात होतं. ती म्हणाली, “मला माहीत नाही असं लिहिते.” तसं लिहिलं असतं, तर मास्तर अभ्यासातून बाद झाले असते आणि घरी उरलेला जन्म भिंतीच्या मध्यस्थीने काढला असता. ते टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते. मला त्यांची खरंच दया आली, आणि मला दया येणं ही काही रोजची गोष्ट नाही.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. आमच्या अभ्यासात रक्ताच्या नात्यातल्या एका माणसाचीही तपासणी असते, कारण हा आजार घराण्यात फिरतो. मास्तरांची आधीच झाली होती. चरबीचा आकडा दोनशे शहाण्णव. डॉक्टरबाईंनी अक्काला पलंगावर घेतलं. बरगड्यांच्या मधे नळीचं टोक ठेवलं की यंत्र आतून टिचक्या मारतं. दहा टिचक्या झाल्या. आकडा आला तीनशे अठरा.

“हे कोणाचं?” अक्काने विचारलं.

“तुमचं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “भावापेक्षा जास्त आहे.”

मी नवीन फॉर्म घेतला. माझा नाइलाज होता. छापील प्रश्न सगळ्यांना तेच असतात.

“अक्का, आठवड्यातून किती वेळा पिता?”

अक्काने माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग पिशवीतल्या बाटलीकडे. “मी?” ती म्हणाली. “मी पिईन? मी?” हाच प्रश्न तिने चार महिने न विचारता रोज भावाला विचारला होता, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

मी घाईघाईने पुढचा रकाना काढला. “कंबर?”

“छत्तीस,” अक्का म्हणाली. जरा धीर आल्यासारखी ताठ झाली. “पंधरा वर्षं तेच माप आहे. माझे कपडे हाच शिवतो, विचारा त्याला.”

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते.

मी टेप लावली. त्रेचाळीस. भावाबहिणीची कंबर दोऱ्याचाही फरक नसलेली.

अक्का सावकाश वळली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने भावाकडे तोंड केलं.

“किती टिंबं आहेत माझ्या पानावर?”

“चौदा,” मास्तर म्हणाले.

“मला फसवलंस?”

“हो. मापाबद्दल.” आणि मास्तर हसले. दोषी माणसाने हसू नये, पण त्यांना आवरलंच नाही. आरोप का होईना, त्यांच्या बहिणीने तो भिंतीवर न करता त्यांच्यावर केला होता.

“दात काय काढतोस?” अक्का म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने फॉर्म ओढून घेतला. “द्या इकडे. हा पीत नाही. याला साधी थाप मारायची तरी नोंद ठेवून मारतो. प्यायला असता तर प्रत्येक घोटाला टिंब काढून ठेवलं असतं मेल्याने.”

आणि तिने सही केली, ठसठशीत. सहीखाली ‘सख्खी बहीण’ असंही लिहिलं, तशी जागा नव्हती तरी.

निघताना ती दारात थांबली. “मॅडम, स्पिरिटची बाटली तुमच्याकडेच राहू द्या. मला देवापुढे तोंड दाखवायचंय.” मग जिन्यावरून तिचा आवाज येत राहिला: उद्यापासून थर्मास बिनसाखरेचा, सकाळी दोघांनी चालायचं, आणि दुकान आठला नाही, नऊला उघडायचं. मास्तर प्रत्येकाला “हो अक्का” म्हणत होते.

मास्तर आमचे एकशेसातवे सहभागी. पहिल्या महिन्याची वही आली तेव्हा मी आधी कंबरेचा रकाना पाहिला. साडेबेचाळीस, स्वच्छ, एकही टिंब नाही. खाली अक्काच्या अक्षरात तिचं स्वतःचं माप होतं: छत्तीस आणि तेरा टिंबं.