रंगनाथ शिंप्याचे नेम

गावात शिंपी दोन, पण नेम बांधणारा एकच, तो रंगनाथ. संगमनेरचा बाजार करून दिवस मावळायच्या आत पायी परतता यावं एवढ्या अंतरावरचं, प्रवरेच्या काठचं ते गाव. चैत्रातल्या जत्रेला तिथं नाटक व्हायचं आणि ते रंगनाथच रचायचा. राज्य कुठल्याही पोथीत नसलेलं, राजे त्याच्या डोक्यातले, डोक्यावरचे मंदिल त्याच्या दुकानातल्या चिंध्यांचे. पण गावाला नाटकापेक्षा जास्त अप्रूप होतं ते त्याच्या नेमांचं.

पाडव्याला सोंगं वाटून झाली की रंगनाथ ज्याच्या त्याच्या मनगटाला रिळाचा तांबडा दोरा बांधायचा आणि त्या सोंगाचा नेम चारचौघांत सांगायचा. राजानं खोटं बोलायचं नाही. प्रधानानं कुणाचं फुकट खायचं नाही. सेनापतीनं पाठीमागून वार करायचा नाही. आणि हे नुसतं पारापुढच्या नाटकात नव्हे. दोरा हातात आहे तोवर घरीदारी, शेतात, बाजारात, सगळीकडं. नाटक संपलं की रंगनाथ आपल्या कात्रीनं दोरे कापायचा, मग राजे-प्रधान पुन्हा तंबाखू मागायला मोकळे.

गहिनीनाथ सेनापती झाला त्या साली त्याच्या बैलाची चंगळ झाली. पाठीमागून वार करायचा नाही म्हणून हा गडी बैलाला पराणी टोचेना. पुढं जाऊन, तोंडासमोर उभा राहून "चल की रं बाबा" म्हणायचा, आणि बैल रवंथ करत त्याच्याकडं बघत राहायचा. गाव पोट धरून हसलं, पण दोरा तोडून टाक असं कुणी म्हणालं नाही. आपल्या हातानं दोरा तोडणारा त्या गावात तोवर जन्मला नव्हता.

असा हा रंगनाथ. सगळ्या गावाला वागायचं कसं ते शिकवणारा. आता दिव्याखाली अंधार असतो हे काही मी नव्यानं सांगायला नको.

घरात तीनच माणसं. बायको मागंच वारलेली; रंगनाथ, मुलगा मच्छिंद्र आणि सून चांगुणा. मच्छिंद्र बायकोला मारायचा. कारण लागायचं नाही, भाकरी थंड असली तरी पुरायचं. ओसरीवर रंगनाथचं पायमशीन होतं. आतून आवाज चढला की तो पायडल जोरात मारायला लागायचा. मशीन असं काही धडधडायचं की आतलं काही बाहेर जाऊ नये. घरची गोष्ट घरात राहिली म्हणजे झालं, असं त्याला वाटायचं. मोडलेल्या हाडाचा इलाज तो कुणाला विचारत नव्हता, तो अब्रूचा इलाज करत होता. चांगुणा दोनदा माहेरी गेली, दोन्ही वेळा भावांनी आणून सोडली.

दुष्काळाचं साल आलं, त्र्याहत्तरचा चैत्र. निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, विहिरींच्या तळाशी नुसता गाळ. तरी जत्रा टाळायची नाही असं ठरलं. राजाचं सोंग सहादेवाला गेलं. तोही खडी फोडणाराच, म्हातारी आई बनुबाई एवढंच त्याचं घर. रंगनाथनं त्या साली राजाला नवा नेम दिला: शरण आलेल्याला माघारी धाडायचं नाही. त्याच्या मनात पाणी होतं. सहादेवाच्या आडाला थोडं पाणी टिकून होतं, आणि नेम बांधला की तो कुणाला नाही म्हणू शकणार नव्हता. शहाणपण कमी नव्हतं म्हाताऱ्याकडं.

सेनापती झाला मच्छिंद्र. ज्याच्या हातात हत्यार नाही त्याच्यावर हात उचलायचा नाही, हा त्याचा नेम. हाच का निवडला असं विचारलं असतं तर "सेनापतीला शोभतो म्हणून" असंच रंगनाथनं सांगितलं असतं. दोरा बांधल्यापासून मच्छिंद्रनं खरोखर हात उचलला नाही. दात-ओठ खाल्ले, थाळी भिरकावली, पण हात खाली राहिला. रंगनाथ मनोमन फुशारला. ओसरीवर मशीन संथ चाललं होतं आणि चांगुणा शेजारी बसून मंदिलाला बेगड लावत होती. ती काय विचार करत होती हे त्यानं कधीच विचारलं नव्हतं.

जत्रेच्या संध्याकाळी गॅसबत्त्या पेटल्या. शेवटचा प्रवेश आला. राजा सिंहासनावर, सेनापती बेगडाची तलवार घेऊन शेजारी, आणि बाजूला रंगनाथ कात्री घेऊन उभा. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एकजण उठली, सरळ चालत आली आणि सिंहासनापुढं गुडघे टेकून बसली. रंगनाथला वाटलं, कुणी नवस फेडतंय. मग पदर सरकला.

"महाराज, शरण आले," चांगुणा म्हणाली.

ढोलकी थांबली. सहादेवानं आधी रंगनाथकडं पाहिलं, मग मनगटाकडं.

"कुनाच्या भयानं आलीस बाई?" त्यानं राजाच्याच आवाजात विचारलं. दुसरा आवाज त्याला सुचलाच नसावा.

"सेनापतीच्या न्हाई. त्येंनी नेम पाळला, खोटं कशाला बोलू. पाडव्यापासून मला बोट लावलं न्हाई. म्हंजी थांबता येतंय त्येंना." तिनं मान वळवली. "आता नाटक संपंल आन् मामंजी दोरा कापतील. मला त्या कात्रीचं भ्या वाटतंय."

कात्री रंगनाथच्या हातात होती आणि सगळं गाव त्या कात्रीकडं बघत होतं. त्यानं सवयीनं तोंड उघडलं.

"लोकहो, घरातली गोष्ट हाय. तुमाला ठावं न्हाई..."

"ठावं हाय, रंगनाथभाऊ," भिंतीपलीकडची शेजारीण हाजराबी बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुमचं मशीन पळाया लागलं की आमच्या घरात घास उतरत न्हाई कुनाच्या. समद्या आळीला ठावं हाय."

रंगनाथनं आळीतल्या माणसांकडं पाहिलं. ज्यांचे सदरे शिवले, ज्यांना नेम सांगितले ती माणसं. एकानंही नजर दिली नाही. इतकी वर्षं त्यानं पायडल मारून जे झाकलं ते पायडल मारूनच गावभर कळवलं होतं. लाज वाटायची ती पुढं, तेव्हा नुसता धक्का होता, कानशिलात बसून कान बधिर व्हावेत तसा.

"आबा, कापा," मच्छिंद्रनं हात पुढं केला. "तमाशा बास झाला."

कात्री हलली नाही.

"कापा म्हन्तो ना!"

"न्हाई कापत," रंगनाथ म्हणाला. हे आपण बोललो हे त्याला ऐकल्यावर कळलं.

तेव्हा मच्छिंद्रनं मनगट तोंडाशी नेलं, दातानं दोरा तोडला आणि थुंकला. बायकांमधून नुसता श्वास ओढल्याचा आवाज आला. नाटकातला खूनसुद्धा त्या गावानं इतक्या भयानं पाहिला नव्हता. मच्छिंद्र चांगुणेकडं वळला, तोच सहादेव सिंहासनावरून उतरून मधे उभा राहिला. चिंध्यांचा मंदिल, गालावर रंग, पण हात खडी फोडणाऱ्याचे होते. मागून बनुबाई आली आणि चांगुणेच्या दंडाला धरून म्हणाली, "चल पोरी. राजाचं घर लहान हाय, पर दार हाय त्येला." मच्छिंद्र चौफेर बघून गर्दीतून निघून गेला.

चांगुणा लगेच गेली नाही. तिनं वाकून तो तुटका दोरा उचलला आणि सासऱ्यापुढं आली. सुनेनं सासऱ्याचा हात धरल्याचं त्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं तो धरला.

"मामंजी, तुमी समद्यांना नेम दिलं. तुमाला कुनी दिला न्हाई." ती दोऱ्याला गाठ मारत होती. "घरात आवाज झाला की मशीन थांबवायचं. येवढाच."

दोरा तोकडा होता, गाठ कशीबशी बसली. रंगनाथनं मान खाली घालून नेम घेतला, जशी इतर माणसं त्याच्यापुढं घ्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मच्छिंद्र घरी आला. हंडा आपटला, बायकोला फरपटत आणतो म्हणाला. रंगनाथ ओसरीवर शिवत होता. पाय सवयीनं जोरात जायला निघाला, आणि त्याचं लक्ष मनगटाकडं गेलं. मशीन थांबलं. त्या शांततेत मच्छिंद्रची एकेक शिवी आळीत ऐकू गेली आणि आपल्या मुलाचा आवाज असा असतो हे रंगनाथला पहिल्यांदाच कळलं. चांगुणा हे रोज ऐकत होती, मशीनच्या आवाजाआड, एकटी. तो उठला, मुलाची वळकटी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. मच्छिंद्रनं दारादारांत उभ्या माणसांकडं पाहिलं आणि वळकटी खांद्यावर टाकली. तो सुप्याकडं रस्त्याच्या कामावर गेला आणि तिकडंच राहिला.

चांगुणा काही परत आली नाही. बनुबाईकडं राहिली, खडी फोडली, आणि पाऊसपाणी झाल्यावर एकदा फाटकं लुगडं घेऊन शिवायला म्हणून ओसरीवर आली. रंगनाथनं धसकून पायडल सोडलं. मग खुंटीवरची कात्री काढून तिच्यापुढं धरली आणि दुसरा हात पुढं केला. दोरा मळून काळा झाला होता.

"पाळला ग पोरी," तो म्हणाला. "आता सोडव."

चांगुणेनं कात्री घेतली. दोऱ्याची गाठ चाचपून पाहिली. मग कात्री परत खुंटीला अडकवली.

"राहू द्या, मामंजी," ती म्हणाली, आणि लुगडं मशीनवर ठेवून गेली.