एक पाणी, एक लेख

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सांगताना मलाच मधेमधे थांबावं लागतं. पदवी घेतलेली, पोरीच्या लसींच्या तारखा तोंडपाठ असलेली, दूध उतू जायच्या आधी दोनदा उठून बघणारी बाई किती गाढव असू शकते, त्याचा हा नमुना. गाढव अर्थातच मी.

तर, मी ब्लॉग लिहिते. स्वयंपाकाचा नाही हो! सगळे आधी तेच विचारतात. माझा ब्लॉग टेबलाभोवती बसून खेळायच्या सोंगांच्या खेळांवर आहे. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि राक्षसाला मारायचं की त्याच्याशी गोड बोलायचं हे आपापलं ठरवतात. जमलं की नाही ते फासा सांगतो. आमच्या अमोलच्या, म्हणजे नवऱ्याच्या भाषेत, "मोठ्यांची भातुकली."

सोलापुरात हा खेळ कोण खेळतं? मी. आणि मी हट्ट केला तर अमोल, तोही मोबाइल बघत बघत.

वाचक होते अकरा. त्यातली मी दोनदा, कारण माझे फोन दोन. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, दसऱ्यापर्यंत अमोल सोडून एक तरी माणूस खेळायला बसला तर ठीक, नाहीतर ब्लॉग बंद. फासे चिऊच्या खेळण्यात टाकून द्यायचे. नको, खेळण्यात नको, तीन वर्षांची आहे, गिळेल. माळ्यावर.

आता ब्लॉग चालवायचा म्हणजे वेळापत्रक हवं. सगळे जाणकार हेच सांगतात, ठरलेल्या दिवशी लेख आलाच पाहिजे. मी गुरुवार ठरवला. पहिल्या गुरुवारी चिऊला ताप. दुसऱ्या गुरुवारी चिऊला ताप येईल अशी मला भीती. तिसरा गुरुवार शुक्रवारी लक्षात आला.

मग एके दिवशी नळापाशी उभी असताना डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. कधी सकाळी, कधी भर दुपारी. पण आलं की दोन तास तिथून हलता येत नाही. हंडे, बादल्या, पिंप, मग पाइप टाकीत. गुरुवार विसरेल, पण पाणी विसरणारी बाई सोलापुरात जन्माला यायचीय! तेव्हा नियम केला : एक पाणी, एक लेख. आधीच लिहून ठेवायचा, पाणी आलं की नळ सोडून पायरीवर बसायचं, शेवटचा हात फिरवायचा आणि पिंप भरायच्या आत प्रसिद्ध करायचा. मग लिंक टाकायची आमच्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवर.

आणि काय सांगू! जमलं की हो! एकही पाणी चुकलं नाही, एकही लेख चुकला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी शिस्तीची बाई झाले.

वाचक वाढायला लागले. अकराचे वीस झाले, विसाचे पन्नास. खालच्या गल्लीतल्या बायका "आम्हालाही त्या ग्रुपात घ्या" म्हणून मागे लागल्या. मी लिंक टाकायचा अवकाश, दहा मिनिटांत धडाधड उघडली जायची! ब्लॉगवर दिसतं ना, कोण किती वेळ थांबलं ते. माझे वाचक थांबायचे सरासरी चार सेकंद.

इथे शहाण्या माणसाला शंका आली असती. मला काय वाटलं? "काय वाचनाचा वेग आहे यांचा!"

अमोल म्हणाला, "मेघा, चार सेकंदांत शीर्षक तरी वाचून होतं का?"

"तुझं होत नसेल."

शंभरावा वाचक आला त्या दिवशी मी शिरा केला. आणि एवढ्या प्रेमाला काहीतरी परतफेड नको का? म्हणून एक जादा लेख लिहिला. शेवटी लिहिलं, 'ज्यांना प्रत्यक्ष खेळायचंय त्यांनी घरी यावं, चहा माझ्याकडे.' आणि मंगळवारी सकाळी अकराला टाकला. पाणी रविवारीच येऊन गेलं होतं, पण म्हटलं, प्रतिभा काय पाण्यावर अवलंबून असते?

नवरात्र तोंडावर आलेलं, हे मात्र लक्षात ठेवा. घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं धुवून निघतं. चादरी, गोधड्या, पडदे.

बाराच्या सुमाराला दार वाजलं. उघडते तर सात बायका! पुढे खालच्या गल्लीतल्या शांताकाकू, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत साबणाचे. मागे पद्माक्का, ज्यांच्या घरी टॉवेलचे माग आहेत, पायापर्यंत ओल्या. बाकीच्याही तशाच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! बिचाऱ्या धुणं टाकून आल्या!

"या, या! काकू, बसा ना. मला वाटलंच नव्हतं इतक्या जणी याल."

"अगं न येऊन सांगतो कुणाला?" काकू दारातच. "बसायचं ऱ्हाऊ दे. आदी सांग, कुटं अडलंय?"

बघा! लेखातल्या गोष्टीतला वीर कुठे अडकला, इथपर्यंत वाचलंय!

"बारवेच्या दारापाशी," मी म्हटलं. "दाराला कुलूप आहे."

"कुलूप?" पद्माक्का किंचाळल्या. "अय्यो! कुणी लावलं? आणि चावी?"

"चावी राक्षसाकडे आहे."

सात बायका माझ्याकडे बघताहेत, मी हसतमुखाने त्यांच्याकडे. एकीने हळूच दुसरीला कोपराने ढोसलं.

"मेघा," काकू एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळा, तब्येत बरी हाय ना तुजी?"

"मी बरी आहे काकू. तुम्ही लेख वाचलात ना?"

"कसला लेख?"

"मी ग्रुपवर टाकते तो."

"ते व्हय! ते वाचायला कशाला पायजे? तुजं ते आलं की पानी येतंय. तुमच्या वरच्या गल्लीला आदी सुटतंय, आमाला अर्ध्या तासानं. तुजं आलं की आमी पिंपं घासायला घेतो. आजपातूर एकदा चुकलं न्हाय बग. आज सकाळी तुजं आलं, म्हटलं नवरातीचं जादा पानी सोडलं! होतं न्हवतं ते सगळं पानी चादरींवर वतलं. आता साबन लावून बसलोय सगळ्या. पानी कुटाय?"

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने कुठे बघायचं? मी चिऊकडे बघितलं. ती म्हणाली, "आई, शिरा संपला?"

चार सेकंद! वाचनाचा वेग नव्हता तो. लिंक आली का बघायचं आणि नळाकडे धावायचं, त्याला चार सेकंदच लागतात. आणि मी घरात सत्कारमूर्ती होऊन फिरत होते.

पण रडायला वेळ नव्हता. सात घरांच्या चादरी साबणात, पुढचं पाणी किमान दोन दिवसांनी, आणि पाप माझं. आमची गच्चीवरची टाकी रविवारी भरलेली होती. मी म्हटलं, "आणा सगळं गच्चीवर!"

काकू म्हणाल्या, "अगं, तुज्या घरचं?"

"काकू, आणा म्हटलं ना."

आल्या की हो! बादल्यांतून, टपांतून, एक गोधडी तर दोघींनी झोळी करून आणली. एकावेळी एकीचंच खळबळून होणार, पाइप एकच. बाकीच्या सावलीत चटईवर नंबर लावून बसल्या. चटई मी मघाशी खेळासाठीच अंथरली होती, फासे तसेच पडलेले. सात फासे. चिऊसाठी मी ते तीनदा मोजले.

"हे काय गं, इतक्या तोंडांचं?" काकूंनी वीस बाजूंचा फासा उचलला.

मेलेल्या आवाजात सांगायला लागले. बारव आहे, पाणी आत आहे, गाव तहानलंय, राक्षस दार अडवून बसलाय. तुम्ही काय कराल?

"मारायचं त्याला," एक म्हणाली.

"थांब गं," काकूंनी तिला गप्प केलं. "मी इचारते त्याला, बाबा, तुला पोरंबाळं किती? जेवलास का?"

मी चार वर्षं हा खेळ लिहितेय. राक्षस जेवलाय का, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"टाका फासा," मी म्हटलं. माझा आवाज जरा जिवंत झाला होता.

काकूंनी टाकला. वीस! त्याहून मोठा आकडाच नाही!

राक्षस ढसाढसा रडला. म्हणाला, सहा पोरं आहेत, बायको माहेरी गेलीय. पद्माक्का लगेच त्याच्या सासरी बोलणी करायला निघाल्या. एकीने मागच्या बाजूने भिंत फोडायचा बेत केला. तेवढ्यात पाइपजवळची ओरडली, "पुढचा नंबर कुणाचा?" आणि सगळ्या एका सुरात, "थांब गं, राक्षसाचं चाललंय!"

संध्याकाळी अमोल आला तेव्हा गच्चीवर तेवीस चादरी वाळत होत्या, बारवेचं दार उघडलं होतं आणि आमच्या टाकीत तांब्याभरसुद्धा पाणी नव्हतं. तो साबण लावलेल्या तोंडाने न्हाणीघरातून ओरडला. मी गच्चीवरून ओरडले, "दसऱ्याच्या आधी सात! एक नाही, सात!" त्याला काही कळलं नाही. तसाच टॉवेलने पुसून बाहेर आला.

बायकांनी दुसऱ्या दिवशी पाण्यासाठी वेगळा ग्रुप काढला, त्यामुळे माझे वाचक शंभरावरून धाडकन चौदावर आले. पण हे चौदा बारा-बारा मिनिटं थांबतात! आणि फोन करून भांडतात, "राक्षसाच्या बायकोचं असं का लिवलं?" ब्लॉग सुरू आहे. दर पाण्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर चटई पडते.

फक्त मागच्या महिन्यापासून एक बदल झालाय. काकू म्हणाल्या, "तू लई बोलतीस. सूत्रधार मी व्हते, तू खेळ." मी खूश! चार पानी पूर्वायुष्य असलेली योद्धी तयार करून आणली. तिने दिमाखात पहिलं पाऊल टाकलं आणि मी फासा टाकला. एक आला.

"मेलीस," काकू म्हणाल्या.

"अहो, पण अजून सुरुवातच..."

"मेलीस म्हटलं की."

"मग आता मी काय करू?"

पद्माक्कांनी बाकीच्यांकडे बोट फिरवून मोजलं आणि म्हणाल्या, "सात कप. दोन बिनसाखरेचे."

गेले चार खेळ, मंडळी, चहा मीच टाकतेय.