रिकाम्या पाळण्याचा दोर

आमचे प्रल्हादभाऊजी गेल्या महिन्यात गेले. माणूस साधा, शिक्षण बेताचं. माझगावच्या गोदीत क्रेनला माल बांधायचे, मग भावानं न्यू जर्सीत बोलावलं तर इथेही गोदामात तेच काम. पण आमच्या वेस्ट विंडसर गावात कुणाकडे बारसं असलं की पाळणा टांगायला त्यांनाच फोन. बेसमेंटच्या तुळईला दोर बांधायचे, आत आधी तांदळाची गोणी ठेवायचे आणि चांगला झोका देऊन बघायचे. म्हणायचे, "झोका दिला की दोराला वजनापेक्षा जास्त ओढ लागते. निजलेल्या पोराचं वजन धरून भागत नाही." मग दोरावर बोट मारून कान लावायचे. भरल्या पाळण्याचा दोर टण्ण वाजतो, रिकाम्याचा ढब्ब.

सरलाताई, म्हणजे त्यांची बायको, बरोबर जायची पण जिन्यापाशीच थांबायची. त्यांची एकुलती मुलगी मुंबईत असतानाच, बारशाआधी वारली होती. नाव ठेवायचं राहूनच गेलं.

सत्त्याऐंशी साली गिरीश आणि कांचनच्या मुलाचं बारसं होतं. भर दुपार, बेसमेंट बायकांनी भरलेलं, घुगऱ्यांचा वास. भाऊजींनी गोणी काढून गोधडी अंथरली. तेवढ्यात कुणाच्या तरी पोरानं पाळण्याला धक्का दिला.

"अरे मेल्या, रिकामा पाळणा हलवू नये!" जमलेल्यांत सगळ्यांत वडीलधाऱ्या उत्तराआजी ओरडल्या.

भाऊजींनी हातानं पाळणा थांबवला. सवयीनं दोरावर बोट मारलं, तर टण्ण.

आत वाकून बघितलं. नुसती गोधडी. परत बोट मारलं. टण्ण. दोर काठीसारखा कडक, वर तुळई करकरायला लागलेली.

कांचन बाळाला घेऊन आली. "काका, ठेवू?"

"थांब पोरी. ठेवू नकोस."

गिरीश हसला. "काका, मुहूर्त टळला तर आजींची बोलणी तुम्हीच खायची हं!" असं म्हणत त्यानं दोर धरला आणि त्याचं हसू गेलं. तो शिकलेला, रिसर्चमधला. म्हणाला, "सरळ टांगलेल्या दोराला खालच्या वजनाएवढीच ओढ असते. रिकाम्याला एवढी येऊच शकत नाही, काका. आत काय ठेवलंय?"

"तूच बघ."

त्यानं पाळण्याखाली बघितलं, मग गोधडीत हात घातला आणि झटकन काढला.

"काका, गोधडी गरम आहे."

कांचननं बाळाला छातीशी आवळलं. "मी नाही ठेवणार याला. कॅन्सल करा सगळं."

भाऊजी जिन्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सरले, इकडे ये."

"मी नाही हो."

"ये गं. आपलं राहिलंय."

ताई आली. पाय ओढत आली. पाळण्यात वाकली, जिथे कान असायचा तिथे तोंड नेलं आणि काहीतरी बोलली. काय नाव ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग कुर्रर्र केलं. नाव सांगणारीच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायची रीत, पण कुणाचा हात उठेना. शेवटी उत्तराआजींनी तिच्या पाठीवर अलगद थाप मारली.

वर तुळई करकरायची थांबली. भाऊजींनी बोट मारलं. ढब्ब.

तरी त्यांनी परत गोणी ठेवली, झोका दिला, दोर तपासला आणि मगच कांचनला हो म्हणाले. बाळ आत निजलं. बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. त्यातलं कुणी पुढे त्या दुपारचा विषय काढला नाही.

घरी जाताना ताई गाडीत दोन्ही हात मांडीवर घडी करून बसली होती, काहीतरी धरल्यासारखे. हात वजनानं भरून आल्यासारखे.

"हळू चालवा," ती म्हणाली.

भाऊजींनी तिच्या हातांकडे एकदा बघितलं. पुढे खड्डा आला तेव्हा गाडी अगदी सावकाश काढली.