मुरुडात दर्याने बाजू बदलली

सन १९३४. माझं वय अठ्ठावन्न. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, पुढे मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. तरी रेवदंड्याहून मुरुडपर्यंतचा हा प्रवास मीच लिहिणार. माझ्या डोळ्यांना कुणी नावं ठेवलेली मी अजून खपवून घेत नाही.

माझी लेक यमुना माहेरी येऊन बसली होती. तिचा डावा डोळा मध्येच धुकटायचा, मग आपोआप निवळायचा. तो निवळला की पाय बधिर. नांदगावची तिची सासू म्हणाली, "असं येणारं-जाणारं दुखणं नसतं, सोंग हाय." आणि दिली धाडून. मुरुडात मुंबईचा एक डॉक्टर अशाच डोळ्यांचा शोध लावायला आलाय असं कळलं. म्हटलं, त्याच्याच तोंडून वदवतो आणि लेकीला तिच्या घरात नेऊन बसवतो.

तरीने (खाडी ओलांडायच्या होडीने) पलीकडे निघालो. नांदगाव मुरुडच्या वाटेवरच, मग विहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं कसं? म्हणून माझ्या वाडीतलं सुंभ घेतलं होतं, काथ्याचा दोर, बैलाच्या डोक्याएवढं भेंडोळं. तरवाला म्हणाला, "नाना, लेकीला बांधून नेतोस काय?" मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साळावला बैलगाडी केली. कोर्लईचा किल्ला मागे पडला. काशीदला बैल पांढऱ्या वाळूत बसला आणि त्याची मर्जी होईपर्यंत आम्हीही बसलो. दर्या निळाशार, वारा झकास, आणि गाडीवान बैलाची मनधरणी करतोय.

नांदगावला विहीणबाई दारातच उभ्या. यमुना उतरली, अंगणात चार पावलं चालली, तर मातीत रक्ताचे ठिपके. टाचेत बाभळीचा काटा अख्खा रुतलेला, आणि पोरीला पत्ताच नाही.

"बघा!" मी म्हणालो.

"बघितलं," विहीणबाई म्हणाल्या. "काटाबी सोंगात घेतलान."

रात्री भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मात्र पोटभर वाढलं. सकाळी त्या आपण होऊन गाडीत चढल्या. "डॉक्टरम्होरं तुमची लबाडी उघडी पाडते, व्याही."

मुरुडच्या पेठेत डॉक्टरांनी एक खोली भाड्याने घेतली होती. माणूस तरुण, मूळचा घाटावरचा, जेवणखाण विसरलेला. डोळा धुकटतो आणि पायही बधिर होतात, असं एकतरी माणूस किनाऱ्यावर भेटावं म्हणून तो गावोगाव फिरला होता. यमुनेला पाहून त्याला देव भेटल्यासारखं झालं. त्याने उत्तरेच्या भिंतीवर एक कागद टांगला. त्यावर फणीसारख्या खुणा, खाली खाली बारीक होत गेलेल्या. फणीचे दात कुठल्या बाजूला ते सांगायचं.

आता आमच्याकडे डावंउजवं कोण म्हणतं? यमुना म्हणाली, "दर्याकडं. डोंगराकडं. वर. दर्याकडं." डॉक्टर गोंधळला, मग त्याच्या ध्यानात आलं. दर्या म्हणजे डावीकडे, एवढं त्याने पक्कं धरलं. यमुनेचा उजवा डोळा चोख निघाला, डाव्याला मोठी फणीसुद्धा दिसेना.

"आता ताडून बघायला धड डोळ्यांची माणसं हवीत," तो म्हणाला.

मी उठलो. माझ्यामागे विहीणबाई उठल्या.

तेवढ्यात ऊन कागदावर आलं, म्हणून त्याने कागद काढून समोरच्या भिंतीवर लावला. मी धडाधड सांगितलं. विहीणबाईंनी माझ्याहून मोठ्याने सांगितलं. डॉक्टरचा चेहरा फुलत गेला.

"तुमच्या दोघांचेही डोळे गेलेत! आडवी फणी एकही बरोबर नाही. एका दिवसात तीन रोगी!"

"मला भिताडावरची पालसुद्धा दिसत्ये!" विहीणबाई कडाडल्या.

"मग बाई, तुम्ही सोंग करताय का?"

विहीणबाईंनी कागदाकडे बोट केलं. "मी कशाला सोंग करीन? दिसतंय तेच सांगत्ये, आन तुमी न्हाय म्हनता!" बोलता बोलता त्यांचं लक्ष यमुनेकडे गेलं आणि वाक्य तिथेच राहिलं.

यमुना पदराआड हसत होती. "डॉक्टरसाहेब, कागद फिरवलात, पण दर्या तिथंच हाय."

मी डॉक्टरचं मनगट धरून त्याला दारात नेलं आणि दर्या दाखवला; नव्या भिंतीकडे तोंड केलं की तो उजव्या हाताला येत होता. बिचारा तीन रोग्यांवरून पुन्हा एकावर आला. मग शांत बसून त्याने सांगितलं, डोळ्याचं भिंग साफ आहे, पण डोळ्यामागून मेंदूकडे जाणारी शीर सुजते. पायांचंही मूळ तेच असावं. येतं, जातं, पुन्हा येतं. "औषध माझ्याकडे नाही. तेच शोधतोय. पण दुखणं खरं आहे."

परतताना नांदगाव आलं तशी विहीणबाई आधी उतरल्या आणि यमुनेला हात दिला. "खाली बघून उतर," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं, डॉक्टरच्या शब्दाने माझी जीत होईल. तो शब्द कुणी मोजलाच नाही. आपण खरं सांगतोय आणि समोरचा मानत नाही, हे त्या बाईने घटकाभर भोगलं, तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओटीच्या खांबापासून विहिरीपर्यंत कमरेच्या उंचीवर सुंभ ताणलं, पाय बधिर झाले तर यमुनेला धरून चालता यावं म्हणून. विहीणबाई पायरीवरून ओरडत होत्या, "सैल हाय, व्याही! दर्याकडं वढा, दर्याकडं!"

मी दर्याकडे ओढलं.